तिन्हीसांजेचा लाइट

रविवार, पार्सिपनी. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं आज तासभर मागे गेली.

लेकीचा, ईराचा इंटरव्ह्यू ऐकला. वीस वर्षं ती सिनेमांचा कॅमेरा करते आहे. त्यांनी विचारलं, मावळतीचा उजेड टिपायला कुठे शिकलीस? इंग्रजीत म्हणाली, "आईमुळे. तिन्हीसांज झाली की ती किचनचा लाइट लावायची आणि मला बघायचं असायचं ते सगळं पुसलं जायचं."

पुसलं जायचं! अगं, लक्ष्मी घरात यावी म्हणून लावायचे. हे तिला कधी सांगितलंच नाही का मी?

आज पाचलाच सांजावलं. हात बटणाकडे गेला, तसाच थांबवला. खिडकीतला उजेड ओट्यावर, भांड्यांवर, माझ्या हातांवर. हात चक्क बरे दिसत होते.

मग लावला लाइट. लक्ष्मी दारावरून परत गेली तर तिला काय सांगू, मुलगी सिनेमात आहे म्हणून?