सगुणा बांध फोडते

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प आज. घाई करणारी माणसं वेगळी. संकल्प असा : टी.वाय.ची कॉपी-पेस्ट गँग मोडून काढायची. मराठी साहित्य घेतलंय आणि वाचतात काय, तर नोट्सच्या पीडीएफ! बावळट कुठले. 'मिठागराची सून' कादंबरी नेमलीय. लायब्ररीत एकच प्रत, ती गोराईच्या श्रुतिकानं नेलीय. उशाला घेत असेल.

तासिका तत्त्वावर माझं नववं वर्ष. कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतं. आमच्या विभागप्रमुख सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, यंदा काहीतरी ठोस करून दाखवा. दाखवतो.

८ जानेवारी
कादंबरी वाचायला घेणार होतो. वेळ कुठाय? यूट्यूबवर तिच्यावरचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. पोरं किती खाली गेलीत ते कळावं म्हणून फक्त. दीडच्या स्पीडनं. शेवटी सगुणा सासऱ्याची माफी मागून घरी परतते. मला आठवतच होतं.

९ जानेवारी
झकास आयडिया! खोट्या नावानं मीच ब्लॉग काढायचा. नोट्स टाकायच्या, शेवट चुकीचा. जो उतरवेल तो अडकला.

शेवट कुठला टाकावा? जेवताना बायकोला विचारलं. रेवती भाजी वाढता वाढता म्हणाली, बांध फोडते की ती, भरतीचं पाणी मिठागरात सोडते. बी.कॉम. बाई, त्यात रोजच्या सीरियल. डोकं दुसरीकडे कुठे चालणार? पण मला असलंच फिल्मी हवं होतं. टाकलं.

१५ जानेवारी
ब्लॉगला व्ह्यूज चार. तीन माझे.

गेटपाशी अख्खा वर्ग कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला. कोणी कोणाशी बोलत नाही. परीक्षा आठवड्यावर आली आणि हे गाणी ऐकतायत! यांच्याकडून कसली अपेक्षा करायची?

२४ जानेवारी, शुक्रवार
इंटर्नलचे पेपर तपासले. वाट लागली एकेकाची! एकतीसच्या एकतीस जणांनी बांध फोडलाय. एकतीस भोपळे. श्रुतिकानं तर अमावास्येची भरती वगैरे पदरचं घातलंय. चोरी ती चोरी, वर मीठमसाला. व्ह्यूज अजून चारच आहेत, पण चौथ्यानं सगळ्यांना फॉरवर्ड केलं असणार. उघड आहे.

रेवतीला सांगितलं. तिनं विचारलं, तू ती कादंबरी वाचलीयस ना नक्की? अपमान गिळला. मार्क कॉलेजच्या ग्रुपवर टाकले.

२७ जानेवारी, सोमवार
ऐटीत गठ्ठा घेऊन मॅडमकडे गेलो. श्रुतिका आधीच तिथे, डोळे लाल. इंटर्नलला नापास म्हणजे एम.ए. बोंबललं, असं रडून सांगत होती. म्हटलं, नोट्स उतरवताना हा विचार करायचा होता.

मॅडमनी विचारलं, खरा शेवट काय? सांगितला. कुठल्या पानावर? म्हटलं, आवृत्तीवर अवलंबून आहे. श्रुतिकानं पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटचं पान, दोनशे बारा. सगुणा बांध फोडते. अमावास्येची भरती.

आई शप्पथ.

प्रत एकच म्हणून ही पोरगी रोज गोराईच्या बोटीत जाता-येता एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून पोरांच्या आपसातल्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायची. गेटपाशी सगळे तेच ऐकत होते. खरं सांगतो, लाज वाटली. दोन मिनिटं. मग लेखकाचा राग आला. एवढा फिल्मी शेवट करायची काय गरज होती?

मॅडम शांतपणे म्हणाल्या, सगळे पेपर पुन्हा तपासा. पुढच्या सोमवारी श्रुतिका या कादंबरीवर बोलेल, तुम्ही वर्गात बसा. तोवर वाचून या. मग कॉन्ट्रॅक्टचं बघू.

घरी रेवतीवर भडकलो. ती म्हणाली, लग्नाआधी दोनदा वाचलीय, तू शेवट विचारलास, मी सांगितला. मला काय माहीत तुला खोटा हवा होता!

२ फेब्रुवारी, रविवार
आठवडा पेपरांत गेला. आज कादंबरी संपवणारच. पण प्रत आता वर्गात फिरतेय, मिळाली नाही. नाइलाजानं श्रुतिकाकडे व्हॉइस नोट्स मागितल्या. अठ्ठावीस आल्या, लगेच. एक वाकडा शब्द लिहिला नाही तिनं, त्याचाच जास्त राग आला.

दोन ऐकल्या. पोरगी वाचते छान. मागे बोटीचं इंजिन. तिसरीला डोळा लागला. उरलेल्या उद्या सकाळी, दुप्पट स्पीडनं.

३ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी नेमकं पाणी गेलं. बादल्या भरण्यात नोट्स राहिल्या.

शेवटच्या बाकावर बसलो, शेजारी मॅडम. श्रुतिकानं उभं राहून आधी विचारलं, ज्यांनी कादंबरी शेवटपर्यंत वाचली किंवा ऐकली, त्यांनी हात वर करा. वर्गातले उरलेले तीसच्या तीस हात वर. मॅडमचाही. मग एकेक जण मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

मीही वर केला.