उशिरा पोचलेली हाक

५ जून
आले एकदाची! खोली छान आहे, खिडकी मोठी, नळाला धो धो पाणी. घरमालकीणबाई इतक्या बोलक्या, की किल्ली हातात पडेपर्यंत मला त्यांच्या दोन्ही सुनांचे स्वभाव कळले. नोकरी दातांच्या लॅबमध्ये, कवळ्या आणि दाढा बनवायची. मास्तरांनी आल्या आल्या मेणाची एक दाढ कोरायला दिली आणि बघून नुसतं हं म्हणाले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, ते हं म्हणजे पदकच समज.

बॅग उघडायच्या आधी गेमचं मशीन जोडलं. संध्याकाळी धाकट्या भावाशी, आमच्या रडक्याशी, मारामारी. तो घरी, मी इथे, पडद्यावर दोघं समोरासमोर. त्याच्या पहिलवानाने नेहमीसारख्या दोन उठाबशा काढून मला नमस्कार केला. आमची ती पद्धतच आहे. मग मी त्याला धू धू धुतला. लगेच ओरडला की लॅग होता, चित्र अडकत होतं! लहानपणापासून हरला की कशावर तरी खापर फोडतो, म्हणून तर हे नाव.

९ जून
लॅग खरंच आहे, आणि तो माझ्याकडचाच. घरमालकीणबाईंचं वायफाय भिंती ओलांडत धापा टाकत येतं. तिकडे त्याने बटण दाबलं की इकडे ते उशिरा पोचतं, तोवर गेम अंदाजाने चित्र दाखवत राहतो. खरी चाल पोचली की क्षणभर मागे जातो, दाखवलेलं पुसतो आणि खरं ते दाखवतो. आडवा झालेला पहिलवान टुणकन उभा! रडक्या म्हणतो, ताई, केबल लाव, वायफायवाल्यांशी सभ्य माणसं खेळत नाहीत. केबलवाला उद्या येतो म्हणतो. त्याचा उद्या काही उजाडत नाही.

हेडफोनमध्ये रडक्याचा श्वास सूं सूं ऐकू येतो. दमा जुनाच. पंप जवळ ठेव म्हटलं, तर म्हणे, तू आई कधीपासून झालीस?

१३ जून
आज खेळता खेळता पहिलवान मध्येच थिजला. आवाजही गेला. पुन्हा तोच लॅग! म्हटलं, सापडलास बेट्या. उभ्याला सणसणीत लाथा घातल्या, जिंकले, केबल येऊ दे मग रड असं बजावलं आणि मशीन बंद करून हसत हसत स्वयंपाकाला लागले.

२७ जून
आज घरून परतले. लिहवत नाही, पण कुणाशी बोलू?

रडक्या गेला. त्याच संध्याकाळी. खेळताना दम्याचा झटका आला. तो वरच्या खोलीत, पंप दप्तरात, दप्तर खाली. आईबाबाही खालीच, टीव्ही बघत. कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर, तसाच सापडला.

तो लॅग नव्हता. माझा भाऊ मरत होता आणि मी त्याला लाथा घालत होते.

आईने त्याचं मशीन चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं, माझ्यासमोर. घरात टीव्ही लागलेला नाही. आई अगदी हळू बोलते, शब्द अर्धेच राहतात.

२९ जून
केबलवाला आला. आता कशाला? तरी केबल जोडून मशीन लावलं. यादीत त्याचं नाव बघायचं होतं, एवढंच.

नाव हिरवं झालं, म्हणजे तो खेळायला हजर. पहिलवान आला. दोन उठाबशा काढल्या.

बाबांना फोन केला. म्हणाले, कपाटाला कुलूप आहे, तू जेवलीस का.

१ जुलै
अनोळखी लोकांशी खेळून पाहिलं. चित्र लोण्यासारखं. लॅग फक्त त्याच्याशी. पहिलवान तिथेच थिजून उभा आहे. मी त्याला हात लावत नाही. हेडफोनमध्ये सूं सूं. चुकले रे म्हटलं.

२ जुलै
हे सूं सूं आजचं नाही. त्या संध्याकाळचं आहे. माझ्या बाजूला अडकून पडलं होतं — आत्ता पोचतंय. थेंब थेंब.

आज एक शब्द. अर्धाच. ता—

४ जुलै
ताई, आई—

पुढे नाही. मशीनची पिन उपटली. सूं सूं थांबत नाही. तरी हेडफोन काढवत नाही. त्याचाच आवाज आहे ना — कसा काढू?

५ जुलै
पूर्ण आलं.

ताई, आईला फोन कर, मला श्वास—

मला सांगितलं होतं त्याने. मला! आई खाली होती. एक फोन — आणि मी हसत होते —

लावलाय. आत्ता. वेड्यासारखा. रिंग वाजतेय —

उचलला. मागे टीव्ही. टीव्ही कसा? — आईचा आवाज पहिल्यासारखा, खणखणीत. म्हणतेय, अगं, तो वर तुझ्याशीच खेळतोय ना?

पिन काढलेलीच आहे. पडदा उजळलाय. चित्र मागे जातंय, दाखवलेलं पुसतंय — मागे —

ओरडले, दप्तरातला पंप घे, वर जा, आई, पळ — पळतेय ती — जिना —

दार उघडलं. फोनमध्ये. हेडफोनमध्येही. तेच दार —

आई त्याला हाक मारतेय. सूं सूं थांबलं. पहिलवान हलला, उठाबशीला बसतो तसा खाली बसतोय — उठ ना रे, रडक्या, उठ — तो —