भरवण्याचा तास

आप्पा,

तुम्हाला सांगायचं राहिलं, तुमचा मुलगा आता तुमचंच काम शिकवतो. करत नाही, शिकवतो. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून तुम्ही जन्मभर जे केलंत, पेशंटला उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, ते माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तुम्ही मला संस्कृतला घातलंत. रत्नागिरीहून आलेल्या आपल्या अख्ख्या गोतावळ्यात हा मान माझा एकट्याचा. शिकून तो काय करणार, असं वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही छाती काढून म्हणालात, "बोलेल की." कोणाशी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही अजून कळलेलं नाही. शाळांमधले संस्कृतचे तास कमी होत गेले, मी शिकवण्या, भाषांतरं असं काहीबाही करत राहिलो आणि शेवटी मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात एका औषधाच्या दुकानाच्या वर येऊन टेकलो. तिथे घरोघरी पेशंट सांभाळणाऱ्या बायका तयार करतात. त्यांचं इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणलं. भाषा इतकी शुद्ध उतरली आहे की हे आपलंच काम चाललंय, असं तुम्हाला ओळखू आलं नसतं.

वर्ग महिनाभराचा. निम्मा वेळ पुस्तक आणि निम्मा वेळ हाताने करून बघायचं, असा कागदावरचा नियम. करून बघायला एक लोखंडी पलंग आणि एक रबरी पुतळा आहे. पुतळा ज्या प्लॅस्टिकमधून आला त्यातच अजून झोपलाय, कारण तपासणीला येणाऱ्यांना तो नवा दिसावा लागतो. त्याची जितकी निगा राखली जाते तितकी मी अजून कुठल्या पेशंटची राखलेली पाहिली नाही. करून दाखवणाऱ्या सिस्टरची नोकरी दुसरीकडे, ती जमेल तशी येते, म्हणजे बहुधा येत नाही. तेव्हा हजेरीची सोय अशी केलीय की पहिल्याच दिवशी बायकांच्या महिनाभराच्या सह्या घेऊन टाकायच्या, प्रत्येक तासाच्या नावापुढे एक. त्या मी घेतो. कोणाची सही रेघेबाहेर गेली तर म्हणतो, ताई, जरा नीट. त्यांना सह्या करायला आवडतं, आप्पा. कितीजणींनी तेवढ्या सह्या जन्मात केलेल्या नसतात.

त्यांतली एक हाटकेशला राहणारी, सासर पोलादपूरकडचं, चाळिशीच्या पुढची. आधी लोकांकडे पोळ्या करायची. पुस्तक तिने असं पाठ केलं की मला माझे विद्यार्थीदशेतले दिवस आठवले, आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली. तिला पहिलंच काम मिळालं ते सेंटरपासून दोन बिल्डिंगा सोडून, पक्षाघात झालेल्या एका रिटायर्ड गृहस्थांकडे. बायको गेलेली, मुलगी नोकरीला. ते हिला मास्तरीण म्हणायचे, कारण ही औषध देताना पुस्तकातलं वाक्य म्हणायची. अडीच महिने सुरळीत गेले. मग एका सकाळी ही त्यांना पेज भरवतेय, ते एका उशीवर आडवेच आहेत, बसवलं की घसरतात म्हणून. त्यांना ठसका लागतो. ठसका लागला की आपण सगळे करतो तेच ती करते, पाणी पाजते. आडव्यालाच. पेज आणि पाणी दोन्ही फुप्फुसात गेलं, ताप चढला, आणि नवव्या दिवशी ते हॉस्पिटलातच वारले.

त्यांच्या मुलीने आरडाओरडा केला नाही. ती सेंटरवर आली, खुर्चीत बसली आणि एवढंच म्हणाली की या बाईंना काय शिकवलं होतं, ते मला लेखी द्या. ती गेल्यावर मालकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. ते मला पंडितजी म्हणतात, त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी शोधलेलं नाही. "देखो पंडितजी, भरवण्याचा तास इथे आहे, बाईची सही आहे. आप बस लिख दो, आपके सामने हुआ." मी तसं लिहिलं तर सगळा दोष बाईचा. शिकवलेलं होतं, तिने केलं नाही. नाही लिहिलं तर सेंटर बंद, आणि पन्नाशी उलटलेल्या संस्कृतच्या माणसाला पुन्हा कोण विचारतंय. मी म्हणालो, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाईच आली. मला वाटलं, सर्टिफिकेट जाऊ देऊ नका म्हणून विनवायला आली असेल. ती उभीच राहिली.

"सर, काका माझ्यामुळे गेले का?"

मी म्हणालो, बसा. ती बसली नाही.

"घरात कोणाशी बोलत नाय मी. सारखं तेच डोळ्यासमोर येतं. तुम्ही मला एकदा दाखवा सर, कसं भरवायचं असतं ते. मी नक्की कुठं चुकले तेवढं तरी कळूदे."

आप्पा, तेव्हा मला तुमचा वॉर्ड दिसला. मी बी.ए.ला होतो, फॉर्मवर तुमची सही हवी होती म्हणून आलो होतो. तुम्ही एका म्हाताऱ्याला भरवत होतात. त्याला ताठ बसवलेलं, पाठीला गुंडाळलेली चादर, हनुवटी किंचित खाली. तुम्ही एक चमचा देत होतात आणि त्याच्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघत होतात. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच दुसरा. मधेच तो खोकला. तुम्ही वाटी खाली ठेवलीत, त्याला पुढे वाकवलंत आणि नुसते थांबलात. पाणी दिलं नाहीत. मी म्हणालो, आप्पा, ऑफिस बंद होईल. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तुझ्या कॉलेजाला घाई आहे. ह्याच्या गळ्याला नाही."

हे सगळं मला तिला सांगता आलं असतं. एक खुर्ची आणि एक चमचा, दुसरं काही लागलं नसतं. पण आज दाखवलं म्हणजे तेव्हा दाखवलं नव्हतं, हे माझ्याच तोंडून आलं असतं, आणि काचेपलीकडे मालक बसले होते. मी म्हणालो, "पुस्तकात आहे, ताई."

"हो सर, आहे," ती म्हणाली आणि तिने म्हणून दाखवलं. "भरवतेवेळी रुग्णाचे शरीर उन्नत अवस्थेत असावे व गिळण्याची क्रिया पूर्ण झाल्याची खात्री करूनच पुढील घास द्यावा." एक अक्षर चुकलं नाही. मग तिने चप्पल घातली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच." मी टेबलावरचे कागद नीट लावत राहिलो. जिना उतरताना तिच्या पायांचा आवाज बराच वेळ येत होता. मजले तीनच आहेत.

ती गेल्यावर मी लिहून दिलं. तुम्ही ज्या शुद्ध भाषेसाठी मला शिकवलंत तिच्यात चार ओळी, खाडाखोड नाही. मालक म्हणाले, वा पंडितजी. तिचं सर्टिफिकेट रद्द झालं. हाटकेशच्या एका गाळ्यात ती आता प्लॅस्टिकच्या डब्यांना झाकणं लावते, असं ऐकतो. सोमवारी नवी बॅच आहे.

एक गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही, आणि आता ती पण नाही. तुमची वाचा आणि उजवा हात गेल्यावर तीच तुम्हाला भरवायची. एकदाच ती बँकेत गेली आणि मला म्हणाली, बाबा रे, एवढी वाटीभर पेज आप्पांना दे. मी वाटी स्टुलावर ठेवली आणि पेपर तपासत बसलो. तुम्ही माझ्याकडे बघत होतात ते मला कळत होतं. पेजेवर साय धरली तेव्हा मी ती मोरीत ओतली आणि वाटी घासून पालथी घातली. आईने आल्या आल्या विचारलं, जेवले का? मी म्हणालो, जेवले. तिने तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही मान हलवून हो म्हणालात.