बिशपचे कान

४ ऑक्टोबर २००९, रविवार

पुन्हा खाजवताहेत. शेडमधला आवाज थेट स्वयंपाकघरात येतो — खरखर, धडधड, थोडी विश्रांती, परत खरखर. मी चहा पिते, ते खाजवतात. घरात जाग आहे म्हणायची!

दोन फेरेट, मुंगसासारखी जनावरं. बिशप नर, डॉली मादी. हातभर लांब, बारीक पायांचे, आणि सगळीकडून वास. क्लिफने जन्मभर असले पाळले, बिळात सोडून ससे बाहेर काढायला. एकेचाळीस वर्षांत मी त्यांना बोट लावलं नाही. आता क्लिफला जाऊन सात आठवडे झाले आणि माझ्या वाट्याला हे आले. लोकांच्या बायकांना अंगठ्या मिळतात.

नाही कसं म्हणू? त्यानेच सांगून ठेवलंय. हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी बाहेर ढकलगाड्यांचा खडखडाट चालला होता, म्हणून मी दार लावायला उठले. तर म्हणाला, "दार असू दे उघडं." बसले तशीच, दाराकडे पाठ करून. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि म्हणाला, "बिशपचे कान बघ." बस. त्यानंतर काही नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसाराचा समारोप! डोरीनने शेजारधर्म म्हणून विचारलंच, शेवटी काही बोलला का गं. म्हटलं, झोपेतच गेला. सांगणार तरी काय? कोणालाच सांगितलेलं नाही.

आज कान बघितले. आतून लाल. झालं समाधान?

८ ऑक्टोबर, गुरुवार

नऊच्या बसने क्लिफकडे जाऊन आले. फुलं बदलली. दर गुरुवारी हेच. बारा वाजता परतले तर मागच्या दाराच्या मुठीला वर्तमानपत्रात गुंडाळलेला ससा. सोललेला, साफ केलेला. हा तिसरा. क्लबातला नॉर्मन ठेवत असणार. क्लिफबरोबर खाणीत होता, त्यामुळे आता विधवेची सोय बघतोय. मला ससा आवडत नाही. कांदा-गाजर घालून शिजवला. बरा झाला होता, पण हे कोणाला कळायची गरज नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

सगळं गाव डॉक्टर झालंय. डोरीन भिंतीवरून — "अगं एनिड, धू ना त्यांना! माझ्या चादरींना वास लागतो." तिच्या चादरींची मला केवढी काळजी!

नॉर्मन — "गंधक आणि डुकराची चरबी. माझे वडील खाज आली की स्वतःला पण तेच लावायचे."

"मग बरे झाले?"

"वारले. पण खाजवत नव्हते."

सशाबद्दल त्याचे आभार मानले. "छे, त्यात काय!" म्हणाला आणि केवढा तरी लाजला.

१४ ऑक्टोबर

डोरीनने दिलेल्या नारळाच्या शॅम्पूने दोघांना आंघोळ घातली. बिशपने अंगठा फोडला. डॉली बाहीतून आत शिरली ती पाठीवरून बाहेर आली. मी त्यांच्यापेक्षा जास्त भिजले.

१९ ऑक्टोबर, सोमवार

एक दिवसाआड धुतेय. अंगावरून कोंडा गळतो. डॉलीच्या शेपटीचे केस गेले. बिशपने कानामागे रक्त काढलंय. नारळाचा वास मात्र झकास येतो! आता शॅम्पू डोरीनला परत. तिने खुशाल चादरी धुवाव्यात.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. पोरसवदा बाई, डॉ. प्रायस. माझी चांगली शाळा घेतली.

"आंघोळ किती वेळा, मिसेस ओल्ड्रॉइड?"

"एक दिवसाआड."

"वर्षातून दोनदा घातली तरी पुष्कळ झाली! त्यांच्या कातडीचं स्वतःचं तेल असतं, ते तुम्ही धुऊन टाकलंत. कातडी कोरडी पडली की आणखी खाज." मग कानाजवळ पात्याने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. "पण मूळ कारण हे. खरजेचे किडे. कोल्ह्याच्या बिळातून येतात. बिळात कधी नेले होते?"

"मे महिन्यात. नवरा आजारी पडला तेव्हापासून शेडच्या बाहेर नाहीत."

तिने बिशपचा पंजा माझ्यापुढे धरला. बोटांत पिवळी माती. ओलसर. "आणि नखं मात्र सुरेख कापलीत हं तुम्ही."

मी नखं कापलेली नाहीत. मला कापता येत नाहीत.

मानेवर औषधाचे थेंब टाकले, दोन आठवड्यांनी परत. भुसा फेकायचा, फडकी उकळायची. सगळं केलं. करताना डोक्यात एकच — मेलेला नवरा गुरुवारी येऊन शिकारीला जातो की काय? असेल. घरकामाच्या वेळी नाहीसं व्हायची सवय होतीच.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आता मलाही. मनगटाच्या खाली दोन बोटांवर लाल पुळ्या. डॉक्टर म्हणाले, जनावरांचे किडे माणसात मुक्काम करत नाहीत, पण जो हाताळेल त्याला चावून जातात. जातील आपोआप. तोवर मलम. म्हणजे एवढा हात धरून बसायला मला एक माणूस उरलं नाही, किडे तेवढे आले. तेही मुक्काम करायला तयार नाहीत.

येताना डोरीनला विचारलं, मी नसताना गुरुवारी माझ्या शेडकडे कोण येतं?

"कोणी नाही गं. मला नाही कोणी दिसलं."

तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या शेडच्या दारावर उघडते. तिच्या नजरेतून मांजर सुटत नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

नॉर्मनला गाठलं. फेरेट तो नेत नाही. ससेही त्याचे नाहीत!

"मग माझे आभार कशाला घेतलेस?"

"तू इतक्या मनापासून मानत होतीस एनिड, मला तुझं मन मोडवेना."

थोर माणूस. त्याचा मावसभाऊ फेरेट पाळतो, न्यायला तयार आहे. चौदा तारखेला, शनिवारी. हो म्हणून टाकलं. कान बघायला सांगितलं होतं. बघितले, औषध घातलं. आता मला स्वयंपाकघरात शांतपणे चहा प्यायचाय.

संध्याकाळी खाणं द्यायला गेले तेव्हा बिशप माझ्या चपलेवर झोपला. उगीच.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे विल्फ होता.

त्याचं नाव या वहीत पहिल्यांदाच. क्लिफचा सख्खा धाकटा भाऊ. पंच्याऐंशी साली खाणीतला वर्षभराचा संप मोडायला तीन आठवडे उरले असताना हा कामावर गेला. बर्फात, दगड लागू नयेत म्हणून जाळी लावलेल्या बसमधून. रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे उभे होतो, क्लिफ सर्वांत पुढे. त्या दिवसापासून क्लिफने त्याचं नाव घेतलं नाही. मीही नाही. कोणीच नाही. गाव त्याला बघत नाही, इतकं साधं आहे. आजही रांगेतली त्याच्या पुढची बाई वळून माझ्याशी हवापाण्याचं बोलली, मधे कोणी उभं नसल्यासारखी. मीही बोलले. चोवीस वर्षांचा सराव आहे. दफनाच्या दिवशी तो फाटकासमोरच्या बस स्टॉपवर टोपी काढून उभा होता. दोन बस गेल्या, तो चढला नाही. तेव्हाही मला तो दिसला नव्हता.

खिडकीशी त्याने हात वर केला आणि बाही सरकली. मनगटाच्या खाली दोन बोटांवर लाल पुळ्या. रक्त येईपर्यंत खाजवलेल्या.

माझी बाही मी खाली ओढली.

डोरीन खोटं बोलली नव्हती. तिला खरंच कोणी दिसलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बस गेली, मी गेले नाही. शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसून राहिले. सव्वानऊला कडी वाजली. विल्फ. हातात फेरेट न्यायची लाकडी पेटी, क्लिफची असायची तशीच. मला बघून टोपी काढली.

"एनिड."

"ससे तू ठेवायचास?"

"डॉलीनं काढलेले. बिशप म्हातारा झालाय, नुसता सोबत येतो."

"आणि खरूज कोणी काढली?"

"वरच्या बांधाला कोल्ह्याचं बीळ होतं. माझ्या ध्यानात आलं नाही. चूक झाली." मनगट खाजवायला लागला.

"खाजवू नकोस!" माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने हात खिशात घातला, शाळेतल्या पोरासारखा. एकोणसत्तर वर्षांचा आहे.

मी म्हटलं, "परवा जाताहेत दोघं. लांब."

त्याने बिशपला उचललं, उजेडाकडे धरलं, आधी एक कान, मग दुसरा. क्लिफ धरायचा तसाच. "सुधारलेत," म्हणाला.

मला काय झालं कोण जाणे. "तुला कोणी सांगितलं यांना हात लावायला?"

"क्लिफनं."

"चोवीस वर्षांत त्यानं तुझं नाव घेतलं नाही!"

"तेव्हाही नाही घेतलं. एवढंच म्हणाला, बिशपचे कान बघ."

मी त्याला चालता हो म्हटलं. मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवतो म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. त्याने बिशपला खाली ठेवलं, पेटी उचलली, जाताना दार हळूच ओढून घेतलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

ते शब्द मी कोणालाच सांगितलेले नाहीत. या वहीत आहेत, बाकी कुठे नाहीत.

माझी पाठ दाराकडे होती. दार क्लिफने मला लावू दिलं नव्हतं. दारात कोण उभं होतं, ते त्यालाच दिसत होतं.

नॉर्मनला फोन केला, उद्या मावसभावाला पाठवू नकोस. का म्हणून विचारलं. म्हटलं, देता येत नाहीत, आधीच दिलेले आहेत.

मग मलम घेतलं आणि विल्फच्या घराकडे निघाले, भरदिवसा, हमरस्त्याने. डोरीन फाटकात उभी होती. मी हात केला. तिला मी दिसले नाही.