इंजिनाचा कौल

॥ श्री ॥

चिखली, ता. ६ नोव्हेंबर १९५७

ती. दादांस,
सुमनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आमच्याकडे सगळी खुशाल आहेत, एक विहिरीवरचं इंजिन सोडून. मामंजींनी चार बैल जुंपून आणलेलं ते धूड चालता चालता गपकन अडकलं. हँडल तसूभर फिरत नाही. कांद्याची रोपं माना टाकताहेत. ह्यांनी लगेच ठरवलं, नवंच घ्यायचं, आणि त्यासाठी विहिरीकाठचा मळा कारखान्यासाठी जमिनी घेणाऱ्या कंपनीच्या दलालाला द्यायचा. मी विचारलं, मग नव्या इंजिनानं पाणी कुणाला पाजायचं, कंपनीच्या भिंतीला? तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. घर शांत आहे, परमेश्वराची कृपा.

दुरुस्त करावं तर सासूबाई आडव्या. दर अमावास्येला शेंदूर लावून त्यांनी त्याचा म्हसोबा केला आहे. नवं आणा न्हाईतर आणू नका, पण देवाच्या पोटात पाना घालायचा न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही फिटर, तुमचा शब्द हे मानतात. काहीतरी लिहा. कार्ड संपलं. आहे तो लोभ गंजू देऊ नका.

सुमन

खडकी, ता. ९ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. सुमनताईस,
हिंदुरावचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड वाचून तुझी वहिनी इतकी हसली की भाकरी करपली. ती मलाच वाढली.

उघडल्याशिवाय मी काय सांगू? सिलिंडरला तडा गेला असेल तर हात जोडा आणि नवं घ्या. नुसतं तेलावाचून अडकलं असेल तर आत रॉकेल ओतून दोन दिवस भिजू द्या, सुटेल. तुझ्या सोपानरावांना सांग, बैल लंगडला म्हणून गोठा विकू नका.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. देव आहे ना, मग त्यालाच विचारा. कौल लावा. उजवं फूल पडलं तर उघडायचं, डावं पडलं तर नाही. एवढ्या पोथ्या वाचतेस, तुला हे सुचू नये?

मुलांना पापे. भावाची आठवण इंजिनाशिवायही येऊ दे.

तुझा दादा

चिखली, ता. १७ नोव्हेंबर १९५७

ती. दादांस, शि. सा. नमस्कार वि. वि.

कौल लावला. सासूबाईंनी दोन फुलं चिकटवली, आणि इतक्या वर्षांच्या तेलकट शेंदरात ती अशी बसली की जेवणवेळ टळली तरी हलेनात. सासूबाई डोळे मिटून उभ्या, जप करून माझा घसा कोरडा. शेवटी ह्यांनी वैतागून देवाला लाथ हाणली. उजवं फूल पडलं! सासूबाईंनी आधी लेकाच्या पाठीत धपाटा घातला, मग फूल कपाळाला लावून कौल मानला.

उघडण्याआधी शेंदूर खरवडला, तर बोटभर थराखाली तेल घालायचं भोकच लिंपलेलं. मग उघडून पाहिलं, तडाबिडा काही नाही. देव बिचारा कोरडा पडला होता. मागल्या अमावास्येला मला कण्हल्यावाणी ऐकू आलं हुतं, असं सासूबाई आता सांगतात. रॉकेलात भिजवलं, आणि आज सकाळी हँडल मारताच धडधडायला लागलं.

तेवढ्यात दलाल आला. मी ह्यांना इंजिन बंद करू दिलं नाही, शेजारीच सतरंजी अंथरली. त्यानं बराच वेळ तोंड हलवलं. ह्यांना एक शब्द ऐकू आला नाही, त्यामुळं हो म्हणायची सोयच उरली नाही. चहा पिऊन तो गेला, आणि हे खोरं घेऊन कांद्याला पाणी धरायला गेले.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

सुमन