आधी कावळ्याला

१४ एप्रिल

पोचले एकदाची. लेकानं, कुशलनं, भाड्यानं घेतलेलं घर चांगलं निघालं, नावं ठेवायला जागाच नाही म्हणून जरा रागच आला. चेन्नईतलं पेरुंगुडी. नाव घेताना जीभ तीनदा अडखळली. तिसरा मजला, लिफ्ट चालू, पांढरी फरशी, संध्याकाळी समुद्राकडून वारा. प्यायचं पाणी मोठ्या कॅनमधून दारात येतं, दुधाच्या रतिबासारखं. हसू आलं.

तासगाव सोडलं ते अवनीसाठी. पाच वर्षांची नात. शाळेला सुट्टी, कुशल आणि सूनबाई दोघं कंपनीत, पोरीकडं बघणार कोण? ही वही सूनबाईनं, रुचिरानं दिली, म्हणाली, आई, रोज लिहीत जा, करमेल. चौथी शिकलेल्या बाईला वही. पण इथं बोलायला माणूस नाही. भिंतीपेक्षा वही बरी.

स्वयंपाकघरामागं धुण्याची गॅलरी आहे. तिच्या कठड्यावर वाळल्या भाताचा थर आणि कावळ्यांची घाण. आधीची बाई गबाळी असणार. फिनेल ओतून घासला. आता त्यावर कणीक मळा.

१७ एप्रिल

शेजारीण येऊन गेली. विशालाक्षी. म्हातारी आहे, सगळी बिल्डिंग तिला मामी म्हणते. कुणाच्या मामाची बायको, देव जाणे. म्हणे आम्हीही मराठीच, तंजावरचे, कैक पिढ्यांपूर्वी आलेले. त्या मराठीला तेवढ्याच पिढ्यांचा गंज चढलाय. गाणं म्हटल्यागत बोलते, मध्येच तमिळ घुसडते.

चहा घेतला नाही. गॅलरीत डोकावली आणि विचारलं, कावळ्यास अन्न ठेविलें काय? मी म्हटलं, का, कोण गेलं? तर म्हणे इथं रोज ठेवतात. शिजलेल्या भाताची पहिली मूठ कठड्यावर, हाका मारायच्या, कावळा जेवला की मग घरच्यांनी जेवायचं. पितर जेवतात म्हणे. मी सरळ सांगितलं, आमच्यात कावळ्याला दहाव्याला घालतात. रोज कुणाचं दहावं घालू? भाकरी चालेल का विचारलं, तर नाही, भातच. आणि तोही उकड्या तांदळाचा असणार, ज्याला वास मारतो.

जाताना म्हणाली, दुसऱ्या घरी राहिलें तर राहिलें, या घरी चुकवूं नका. हुकूम सोडायला आली होती भवानी.

२२ एप्रिल

कावळ्यांनी वात आणला. स्वयंपाक झाला की कठड्यावर रांग, जशी पंगत बसलीय. काल मिरच्या वाळत घातल्या त्या उधळल्या. मग काळी पिशवी कापून, दोरा बांधून, मेल्या कावळ्यागत उलटी टांगली. गावाला शेतात हेच करतो. एकदम कालवा झाला, आणि मग एकही फिरकला नाही. मामीनं तिच्या गॅलरीतून बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. घे बाई. कावळ्याचं सुतक धर.

२९ एप्रिल

अवनी खा-खा करते. आधी लेकराला वाढायचं ही माझी रीत, कुकर उघडला की पहिलं ताट तिचं. भात, वरण, तूप. मी चटणी वाटून येते तोवर ताट साफ. आणि पोरगी म्हणते, आज्जी, भूक लागली. परत वाढलं की व्यवस्थित जेवते. रोज पहिलं ताट असंच जातं.

लाड झालेत. उद्यापासून समोर बसणार.

३० एप्रिल

समोर बसले.

तिनं घास उचलला, तोंडात घातला, चावला. तोंडात काही नव्हतं. ताटातला भात मात्र कमी झाला. बोटं रुतल्यागत खळगा पडला, मग दुसरा. भर दुपारी, डोळ्यादेखत.

ऊन लागलं असेल मला. या गावातलं ऊन म्हणजे ऊन नव्हे, उकडणं आहे.

५ मे

अवनीच्या फासळ्या दिसायला लागल्या. दुसरं, तिसरं ताट खाते, पण अंगी लागत नाही. रुचिरा डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरीण दिव्यश्री, काल शाळा सुटल्यागत कोवळी. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. मग तिनं विचारलं, घरी जेवायला कोण घालतं? रुचिरानं माझ्याकडं बघितलं. शिकलेली आहे ना, तोंडानं कशाला बोलेल.

घरी आल्यावर कुशलला म्हटलं, हे घर सोडू. हसला. म्हणाला, आई, तुला तासगावची आठवण येते.

९ मे

नाक घासत मामीकडं गेले. गेले म्हणजे जावं लागलं.

तिनं सांगितलं. आधीची भाडेकरीण त्रिपुरसुंदरी, मूलबाळ नाही, नवरा गेलेला. ती रोज कठड्यावर भात ठेवून हाक मारायची, ज्यांच्या मागं कुणी नाही त्यांनी या. मामी म्हणे, अशी हाक कुणी मारूं नये. आले. रोज आले, वाढत गेले. त्यांचा वाटा पहिला. कावळ्याच्या चोचीनं नेत होते. तुम्ही कावळा घालविलात, आता जें पहिलें ताट तें त्यांचें.

पहिलं ताट कुणाचं ते तिला सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून तिनंच रडायला सुरुवात केली. तिला म्हटलं, रडून भात शिजतो का? उपाय बोल. उपाय तिला माहीत नाही.

१० मे

पिशवी फाडून टाकली. भात ठेवला. उकडाच, वासाचा. हाका मारल्या. समोरच्या टाकीवर कावळे ओळीनं बसलेत. येत नाहीत. बघतात.

अवनीला ताटच वाढलं नाही, कुकरमधून थेट तोंडात घास दिला. तो घास माझ्या बोटांतून ओढला गेला.

१२ मे

नाही शिवत.

पोरगी उठून बसत नाही. रुचिरानं रजा घेतली, मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. स्वतः वाढते, आधी लेकीलाच. मी ओरडले. म्हणाली, आई, तुम्ही जरा बाहेर बसा.

१३ मे

हे मला आधी सुचायला हवं होतं. पिंडाला कावळा शिवत नसेल तर आम्ही काय करतो? शब्द देतो. सासऱ्यांच्या वेळी घाटावर सगळे ताटकळले होते. मीच पुढं होऊन बोलले, धाकट्या वन्संचं लग्न आम्ही लावू. लगेच शिवला.

पण यांना कसला शब्द देणार? यांची लेकरं नाहीत, घरं नाहीत. यांना माणूसच नाही.

रुचिरा आंघोळीला गेली तेव्हा भाताची मूठ घेऊन कठड्याशी गेले. म्हटलं, पोरीचं ताट सोडा. या घरात पहिली मी बसेन. माझं ताट तुमचं. आजपासून मी तुमची.

शब्द संपायच्या आत कावळ्यांची झडप. सगळे एकदम. एक शीत उरलं नाही.

मामी तिच्या गॅलरीतून हात जोडत होती. जिवंत माणसाला असे जोडत नाहीत.

२१ मे

अवनी खाते. गाल वर आले. रुचिरा म्हणते, आईंच्या हाताला गुण आहे. आता गुण आहे.

पहिलं ताट माझं. सूनबाईला वाटतं म्हातारी हावरट झाली. वाटू दे.

बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

२८ मे

दुसरं ताटही नेतात. मी वाढते, मी बसते, माझ्या तोंडात वारा.

अवनी म्हणाली, आज्जी, तुझ्या ताटात किती जणांचे हात — मी तिला बाहेर हाकललं.

कुशल डॉक्टरकडं चल म्हणतो. त्या कोवळ्या पोरीकडं? ती मला विचारेल, घरी जेवायला कोण —

४ जून

शाळा सुरू. अवनी पोटभर जेवून गेली. दप्तर स्वतः उचललं. बरं.

ताट वाढलं. भात गेला. वरण गेलं. लोणच्याची फोड सालासकट. ताट लख्ख — मेले तेवढं काम तरी वाचवतात.

पण उठत नाहीत.

संपलं म्हटलं, भुक्कडांनो. ताट रिकामं आहे. बोटं गार, ताटभर चाचपतायत — माझ्या करंगळीशी थांबली —

तो भात नव्हे रे, ती माझी —

डाव्या हातानं लिहितेय. उजवा ताटात आहे, निघत ना