डोक्याजवळची बोटं

३ ऑगस्ट १९८६
सौसरचं कापसाचं जिनिंग सुटलं ते बरंच झालं. पांढुर्ण्यात श्रीधर डॉक्टरांच्या हाडांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. मागं खोली, नळ दारात, माझ्या पोराला, दिलीपलाही बाजारात हमाली. आणखी काय पाहिजे? एक्स-रेवाले देवीदासभाऊ बडबडे आहेत, पण चहा पाजतात.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव, दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात. मग दवाखान्यात ही गर्दी. एकेका हाडाचा फोटो काढत बसलं तर माणूस टेबलावरच जातो. म्हणून डॉक्टरांनी लांब टेबल करून घेतलं. खाली ओळीनं प्लेटा, वर रुळावर मशीन. डोक्यापासून टाचेपर्यंत अख्खा माणूस झटक्यात. रोगी हालू नये म्हणून धरायचं काम माझं. अंगावर शिशाचा एप्रन, म्हशीएवढा जड.

११ ऑगस्ट
टेबल तपासायला देवीदासभाऊच झोपले. प्लेट धुतली तर डावी मांडी मोडलेली, अन् मांडीभोवती कोणाच्या तरी बोटांची हाडं. देवीदासभाऊ तर दोन पायांवर उभे, हसून राहिले. हात मधी काहून घातला म्हणून डॉक्टर माझ्यावर ओरडले. मी दाराबाहेर होती. पण त्या हाताची करंगळी वाकडी. माझीही वाकडीच, जिनात सापडली होती.
डॉक्टर म्हणाले, प्लेटा जुन्या.

१४ ऑगस्ट
नव्या प्लेटा आल्या. डबा द्यायला आलेल्या दिलीपलाच झोपवलं, मला विचारलंही नाही. प्लेटमधी उजव्या कानावर कवटी खचलेली, नारळ फुटल्यासारखी. डोक्याला दोन्हीकडून बोटं. करंगळी तीच.
दिलीपला गंमत वाटली. म्हणाला, "तूच तं धरून राहिली न आई, मंग भेव कायचं?"

२२ ऑगस्ट
देवीदासभाऊ बैलगाडीखाली आले. डावी मांडी. मीच धरली, दुसरं कोण धरणार? डॉक्टरांनी जुनी प्लेट शेजारी लावली. तीच मोड. तीच बोटं, तिथंच. डॉक्टर खाली बसले.
म्हणजे मोड आधी दिसते, मी मागून जाऊन धरते. म्हणजे दिलीपचं डोकं—
नाही धरणार.

३० ऑगस्ट
दिलीपला सौसरला जा म्हटलं. ऐकत नाही. गोटमारीत नदीतल्या पळसावरचा झेंडा तोडून आणतो म्हणतो. मी आता त्याच्या डोक्याला तेलही लावत नाही. विचारतो, "माह्या डोक्याले काटे आले काय वं?"

पोळा
बैल मिरवून गेले. दिलीप गोफण वळून राहिला. मेल्याला अक्कल—

पोळ्याची कर
टेबल सरकवू लाग म्हणून एक्स-रेच्या खोलीत नेला अन् बाहेरून कुलूप घातलं. जाड भिंत, खिडकी नाही. तिथं दगड येतच नाही. डॉक्टर नदीवर गेले. मी दाराशी.
लाथा मारून राहिला. मारू दे.

नदीकडून कल्ला ऐकू येतो. लाथा थांबल्या—

आतून बोलला. हळूच.
"आई, डोकं सोड न. नाई हालत मी."

मी बाहेर आहे. कुलूप तसंच. माझे हात हे अस्से, एक वहीवर, एक किल्लीवर—
किल्लीचा हात ओला काहून लाग